साखळी खांबाला घाल

चि. वैष्णवीस अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा तुझा फोन आला तेव्हा मी वावरात होतो, डवरे सुटायचे होते, म्हणून नीट बोलणं झालं नाही. मला एवढंच विचारायचं होतं की हॉस्टेलच्या स्टँडवर गाडीला साखळी लावली का. तू "हो बाबा" म्हणालीस, पण मागे मैत्रिणींचा गलका होता आणि तू घाईत होतीस. कशी लावलीस ते विचारायचं राहून गेलं.

साखळी नुसती चाकात अडकवू नको. मागचं चाक आणि चेसिस दोन्हीतून काढून स्टँडच्या लोखंडी खांबाला घाल. खांबाला नसेल तर दोन माणसं गाडी उचलून छोट्या हत्ती टेम्पोत टाकतात आणि कुलूप नंतर सावकाश तोडतात. साखळी जमिनीवर लोळू देऊ नको, खाली फरशीचा आधार मिळाला की हातोड्याच्या दोन घावात तुटते. वर, ताणून लाव. हँडल लॉक लावच, पण त्याच्या भरवशावर राहू नको, ते लाथेच्या हिसक्याने तुटतं. गजूभाऊ म्हणाले डिस्क लॉक घेऊन द्या. पण ते डिस्क ब्रेकच्या चकतीत अडकवायचं असतं, आपल्या स्प्लेंडरला पुढेही ड्रम ब्रेक आहे, ते बसेल कुठं?

तुझ्या आत्याच्या दिराची गाडी आठवडी बाजारातून गेली तेव्हापासून माझ्या डोक्यातून हा विषय जात नाही. भाजी घेऊन येईपर्यंतची गोष्ट, भर दुपारी, माणसांच्या गर्दीत. विम्याचा हप्ता वाचवायला त्यांनी नुसता थर्ड पार्टी काढला होता, त्यात चोरीचा एक रुपया मिळत नाही. आपल्या गाडीचा 2019 चा पाच वर्षांचा थर्ड पार्टी 2024 ला संपला, तेव्हाच मी चोरीचाही धरून पूर्ण विमा काढला. पण क्लेमच्या वेळी कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. दुसरी चावी आईच्या कपाटात आहे. तुझ्याजवळची हरवली तर बाहेरून बनवून घेऊ नको, आधी मला सांग. आणि "दोन मिनिटं दे" म्हणणाऱ्या कोणालाही चावी देऊ नको, मैत्रीण असली तरी.

फार झालं का? तू रागावशील. कॉलेजच्या चौथ्या वर्षाच्या मुलीला बाप कुलूप लावायला शिकवतो, म्हणशील. राग मानू नको बेटा. तुझ्या अकलेवर शंका नाही.

तूच तर सगळ्यांना गप्प केलंस. कापूस निघाल्यावर रिकाम्या वावरात गाडी शिकायचीस, पाय टेकत नव्हते, धुऱ्यावर पडलीस आणि उठून पुन्हा किक मारलीस. पारावरचे लोक हसायचे. मग आबाजींच्या छातीत दुखलं त्या रात्री माझा हात प्लास्टरात होता. आबाजींना मध्ये बसवून, मी मागून एका हाताने धरून, नाल्याच्या पाण्यातून तूच दवाखान्यात नेलंस. त्यानंतर कोणी हसलं नाही. आता तू कॉलेजकडून कृषीकन्या म्हणून दुसऱ्यांच्या बांधावर जाऊन बीजप्रक्रिया समजावून सांगणार. तुझ्या कृषी विद्यापीठाची पीकेव्ही तारा तूर मी धुऱ्याकडच्या पट्ट्यात पेरली आहे, कोणी विचारलं तर सांगतो, पोरीच्या कॉलेजचं वाण आहे.

विद्यापीठाची शेतं बघायला शिवार फेरीला आलो होतो तेव्हा पाहिलं, जिल्ह्या-जिल्ह्यातून कास्तकार येतात, गाड्याच गाड्या. त्या दिवसांत कोण कुठला, कळत नाही. तेव्हा गाडी हॉस्टेलच्या आतल्या स्टँडवरच ठेव, चौकीदारकाकांच्या नजरेसमोर, लाईटखाली. कडुनिंबाच्या सावलीचा मोह सोड.

आणि आता जे लिहायचं नव्हतं ते. रात्री स्टँडकडे आवाज आला तर खिडकीतून ओरड, चौकीदाराला हाक मार, 112 लाव. एकटी खाली उतरू नको. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू आधी धावशील आणि मग विचार करशील. आई सकाळपासून तेच म्हणते, "पोरीले लिहा, गाडी गेली त जाऊ दे, पन तू मांगं धाऊ नको." गाडी पुन्हा घेता येते, कापसाला भाव आला नाही तरी येते. गावांकडून परततानाही अंधार करू नको, हायवेवर ट्रक फार आहेत.

पोळ्याला यायचं तर गाडी तिथेच ठेवून एसटीने ये. आणि निघताना साखळी खांबाला.

तुझे बाबा

ता. क. आरसी आईच्या नावावर आहे, विम्याच्या कागदावर सही तिचीच लागेल. मूळ आरसी सीटखाली ठेवू नको, मोबाइलमध्ये डिजीलॉकरमध्ये आहे ती चालते. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर वहीत लिहून घे, पोलिसांत पहिले तेच विचारतात. साखळीची चावी गाडीच्या चावीच्या छल्ल्यात नको. खांबाला लावलेल्या साखळीचा एक फोटो पाठव.