पंखा बंद करणाऱ्या काकांना

काका, सादर नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत आहे. निघताना जिन्यात विचारलं होतं. पण इथे ते लिहीत नाही आणि कचेरीचंही लिहीत नाही. त्या दिवशी तुम्ही साहेबांना जे सांगितलंत ते धडधडीत खोटं होतं आणि तुम्हाला रिटायर व्हायला अजून दोन वर्षं आहेत.

मी दांडिया बाजारातली. खांद्याला दोन पिशव्या, बगलेत फाईल आणि सोबत दोन्ही कान घट्ट दाबून धरलेला अकरा वर्षांचा मुलगा. एवढ्यावरून आठवलं असेल.

आमच्या मुलांची विशेष शाळा दुसऱ्या शाळेत मर्ज होणार, हे आम्हाला एप्रिलमध्ये व्हॅनवाल्याकडून कळलं. "ताई, जूनपासून भाडं वाढवावं लागेल, नदीपलीकडे जायचंय ना," असं तो म्हणाला आणि मी खुळ्यासारखी विचारत बसले, कुठली नदी? आई-बापांना पत्र नाही, मीटिंग नाही. मग सुरू झाल्या चकरा. बडोद्यात जन्म गेला, त्यामुळे 'काले आवजो' ऐकायची सवय आहे. पण तो उद्या दीड महिना पुढेच सरकत राहिला. एका टेबलावर सांगितलं साहेब राउंडवर आहेत, दुसऱ्यावर रिसेस चालू होती, तिसऱ्यावरच्या बाईंनी अरजी वाचली आणि म्हणाल्या, "पण तुमच्या मुलांना काय फरक पडतो? इथे बसली काय, तिथे बसली काय." हे त्या प्रेमाने म्हणाल्या, हे जास्त लागलं.

फरक काय पडतो ते तुम्हाला सांगते, कारण तुम्ही दाराशी उभे होतात आणि आत मला नीट बोलता आलं नाही. ज्या शाळेत आम्हाला घालणार होते ती कर्णबधिर मुलांची. चांगली शाळा आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्या मुलांसाठी आवाज मोठा करून द्यावा लागतो, श्रवणयंत्रं, माइक, वाचेचे तास. माझ्या मुलाला ऑटिझम आहे, त्याच्यासाठी आवाज कमी करून द्यावा लागतो. कुकरच्या शिट्टीला तो पलंगाखाली जातो. दोन्हीकडच्या शिक्षकांचं प्रशिक्षणही वेगवेगळं असतं. कागदावर मात्र सगळ्यांचा एकच रकाना, 'दिव्यांग', आणि दोन पटसंख्यांची बेरीज. 1995 च्या कायद्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझम हा शब्दच नव्हता. 2016 च्या कायद्यात एकवीस प्रकार आले. ते मोजून वेगळे केले ते पुन्हा एका खोलीत कोंबायला का, एवढंच मला विचारायचं होतं. त्याच कायद्यात लिहिलंय की सहा ते अठरा वर्षांच्या अशा मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याला हव्या त्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. हे कलम मी पाठ करून आले होते.

आणि नदी. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीने धोक्याची खूण केव्हाच ओलांडली, पूल बंद झाले, लोकांच्या सोसायट्यांत मगरी निघाल्या. त्या पुलावरून रोज व्हॅनने जायचं. आता शाळेत जाताना सूरसागर लागतो, मग महादेवाची मूर्ती दिसते, मग शाळा येते. हा क्रम त्याला पाठ आहे. एकदा रस्ता खोदला म्हणून व्हॅन वळवली, तर तो दोन दिवस जेवला नाही.

तर सुनावणी. मे महिना, दुपारचे साडेबारा. मुलाचे कानावर लावायचे हेडफोन मी घरी टेबलावर विसरले होते. ती माझी चूक. आत सात माणसं आणि वर तो पंखा. तुम्ही रोज ऐकत असाल, मी पहिल्यांदा ऐकला. किर्र, खट्. किर्र, खट्. आम्ही खुर्चीत बसतो न बसतो तोच पोरगं हुंकार द्यायला लागलं, मग पुढेमागे झुलायला. साहेब म्हणाले, "याला बाहेर बसवा ना कोणाजवळ." शेजारचे म्हणाले, "लहान मुलांना आणायचंच कशाला?" लहान मुलांच्या शाळेची सुनावणी होती, काका. असो. मी उठले. बाहेर जायचं म्हणजे माझंही बोलणं बाहेर राहणार, हे कळत होतं. त्याला उठवताना मी दबक्या आवाजात म्हटलं, "चल रे राजा, आपण जाऊ घरी."

ते मराठी तुमच्या कानावर पडलं. तुम्ही पाण्याचा ट्रे खाली ठेवलात आणि म्हणालात, "बसा ताई. जाऊ नका."

रेग्युलेटर तुटलेला, बटण स्टीलच्या कपाटामागे. तुम्ही टेबलावरची लाकडी फूटपट्टी उचललीत, भिंतीला गाल टेकवून फटीत हात घातलात आणि पट्टीच्या टोकाने बटण दाबलंत. पंखा हळूहळू मंद होत गेला. मी वर बघत नव्हते, मी त्याचे हात बघत होते. आधी करंगळ्या सुटल्या, मग बाकीची बोटं, मग तळवे मांडीवर आले. साहेबांनी मान वर केली, "शुं थयुं?" आणि तुम्ही शर्टाची बाही झटकत, डोळ्याला डोळा देऊन म्हणालात, "बगडी गयो, साहेब."

तेवढ्यात माझा मुलगा वर बघून म्हणाला, "तीन."

साहेबांनी विचारलं, काय म्हणतोय तो? मी म्हटलं, पंख्याला तीन पाती आहेत म्हणतोय. सातही माणसांनी वर बघितलं. त्या खोलीत वर्षानुवर्षं बसणाऱ्यांपैकी कुणी ती कधी मोजली असतील, मला नाही वाटत.

पुढची चाळीस मिनिटं सगळे घामाने निथळत होते आणि मी बोलत होते. कलम अर्धं विसरले, नदी सांगितली, आवाजाचं सांगितलं. पोरगं शेजारी शांत बसलं होतं, अधूनमधून वर बघत होतं. साहेब आमच्याच फाईलने वारा घेत होते. दीड महिन्यात ती फाईल पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडली. पण एक सांगते, त्यांनी शेवटी मुलाकडे बघून विचारलं, "याला एवढा त्रास होतो आवाजाचा?" हा प्रश्न तोपर्यंत कोणत्याच टेबलाने विचारला नव्हता. पोरगं बाहेर बसलं असतं तर आतही विचारला गेला नसता.

निर्णय रद्द झालेला नाही, लांबणीवर पडलाय. जूनमध्ये शाळा जुन्याच जागी उघडली. आमच्या ग्रुपवर याचं श्रेय घ्यायला तिघे-चौघे पुढे आलेत, त्यात एक ट्रस्टी आहेत, जे मे महिनाभर फोन उचलत नव्हते. घेऊ देत.

गेली आठ-नऊ वर्षं या पोराला घेऊन मी या शहरात फिरते आहे. लोक वाईट नसतात हो. बहुतेक जण दया दाखवतात, डोक्यावरून हात फिरवतात (तो त्याला अजिबात चालत नाही), प्रसाद देतात, एखादा बाबा सुचवतात. पण सगळ्यांना वाटतं हलायचं ते आम्हीच. लग्नातून लवकर निघा, देवळात गर्दी नसेल तेव्हा या. दुसऱ्या बाजूचं काही हलवणारे बोटांवर मोजण्याइतके भेटले. आमचा सेव उसळवाला, जो न सांगता याची तर्री वेगळ्या वाटीत देतो. एक रिक्षावाले चाचा, जे याला बघून हॉर्न न वाजवता मांडवीपर्यंत नेतात, आणि मांडवीत हॉर्न न वाजवणं म्हणजे काय हे बडोद्याच्या माणसाला सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, याचा आम्हाला फार अभिमान. काळ्या घोड्यापाशी त्यांच्या पुतळ्याला हार घालणारे पुष्कळ आहेत. कपाटामागे हात घालणारे तुम्ही भेटलात.

तुमच्या कोपराला खरचटलं होतं, ते मी जिन्यात पाहिलं. तेव्हा बोलायचं सुचलं नाही, रडू येत होतं.

घरी हल्ली नवीन खेळ सुरू झालाय. तो दिवसातून दहा वेळा पंखा बंद करतो, पाती थांबेपर्यंत खाली उभा राहतो, 'तीन' म्हणतो आणि परत लावतो. सासूबाई वैतागल्यात.

दिवाळीच्या आधी रिसेसमध्ये येऊन जाईन. चकल्या आणि चिवडा आहे, नाही म्हणू नका, डबा परत करायची घाई नाही. पुढची तारीख डिसेंबरची मिळाली आहे. तेव्हा पंखा नसेलच. हेडफोनही मी आदल्या रात्रीच पिशवीत टाकून ठेवीन. तरी तुम्ही दाराशी असाल तर बरं वाटेल.

तुमची,
तीन पाती मोजणाऱ्या मुलाची आई
दांडिया बाजार, बडोदे