पावसाची बाजू

महोदय,

कालच्या अंकात खड्ड्यांचं सगळं खापर पुन्हा पावसावर फोडून आपण मोकळे झालात. पाऊस बिचारा खुलासा पाठवू शकत नाही, म्हणून हा खटाटोप.

दगडाला डांबरापेक्षा पाणी जास्त प्रिय असतं, हे डांबर प्लांटवरचा पोऱ्याही सांगेल. ग्रॅनाइट, क्वार्टझाइट अशा सिलिका जास्त असलेल्या खडीत ही खोड फार. चुनखडीचा दगड त्या मानाने डांबर घट्ट धरतो. रोलर नीट न फिरल्यामुळे रस्त्याच्या थरात हवेच्या पोकळ्या आठ टक्क्यांच्या वर राहिल्या, की पाणी आत शिरतं आणि अडकून बसतं. मग वरून जाणारं प्रत्येक चाक ते आतल्या आत घुसळतं, डांबराचा थर दगडावरून सुटत जातो. बहुतेकदा हे तळाकडून सुरू होतं. वर खड्डा दिसतो तोवर खालची खडी केव्हाच सुटी झालेली असते.

रस्त्याच्या कामावर प्रयोगशाळेत असताना मी एकदा प्लांटवरचं डांबर-खडीचं मिक्स उकळत्या पाण्यात टाकलं. दहा मिनिटांची चाचणी, तिला ना मोठं यंत्र लागतं ना टेंडर. पाण्यावर काळा तवंग आला. कागदावर ओतलं तर निम्मी खडी धुतल्यासारखी करडी; कडांवर तर डांबराचा मागमूस नाही. कारण उघड होतं. खडी भुकटीसकट वापरलेली, त्यामुळे डांबर चिकटलं ते धुळीला. कागद तसाच वरिष्ठांपुढे ठेवला. त्यांनी एक खडा उचलला, बोटं पुसली आणि म्हणाले, "रस्ता काय उकळून खायचाय?" निदान चुना तरी घाला म्हटलं, खडीच्या वजनाच्या एक-दीड टक्का विरवलेला चुना, बाकी काही नको. तर तो म्हणे अंदाजपत्रकात नाही! अहवाल फाइलला लागला. पुढच्या पावसाळ्यात रस्ता उखडला, तेव्हा कारणाच्या रकान्यात याच साहेबांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'अतिवृष्टी'.

आपल्या वार्ताहरानं अशा एखाद्या चाचणीचा कागद मागितला होता का? की तोही पावसात वाहून गेला?

जाता जाता आणखी एक. याच विषयावरच्या माझ्या मागच्या पत्रातला रोलिंगचा अख्खा भाग कापून आपण फक्त 'आपला अंक आवडीने वाचतो' एवढंच छापलंत. या वेळी ते वाक्य घातलेलं नाही.

आपला,
प्रयोगशाळेतला एक निवृत्त कर्मचारी