टी-शर्टच्या बिलावर कापड आणि छपाईची पद्धत लिहा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

गणपती जवळ आले की कोल्हापुरात शिवाजी पेठेपासून राजारामपुरीपर्यंत सगळ्या मंडळांची टी-शर्ट छापायची गडबड सुरू होते, पोरं वर्गणीतनं पैसे बाजूला काढून ऑर्डर देतात आणि दोन धुण्यात मंडळाचं नाव फिकं पडतं नाहीतर सोलून निघतं. मी स्वतः हीट प्रेसवर, म्हणजे गरम दाबून कापडावर छपाई करायच्या मशीनवर काम करतो म्हणून लिहितोय, बऱ्याच वेळा मशीनमध्ये काहीच बिघाड नसतो, कापड एक आणि छपाई भलतीच असं झालेलं असतं आणि गिऱ्हाइकाला ते कुणी सांगितलेलंच नसतं.

सब्लिमेशन नावाच्या छपाईत डिझाइन कागदावर उलटं छापतात, मग साधारण 200 डिग्रीला 45 ते 60 सेकंद दाबलं की शाईची वाफ होऊन ती धाग्यात शिरते. वर थर राहतच नाही, हात फिरवला तरी नुसतं कापडच लागतं, त्यामुळं सोलण्याचा प्रश्नच येत नाही. पण हे पॉलिस्टरवरच टिकतं, कॉटनवर ती शाई धरत नाही, पहिल्या धुण्यातच उतरायला लागते. आणि यात पांढरी शाई नसतेच, म्हणून गडद रंगावर हे चालत नाही.

कॉटनला डीटीएफ, म्हणजे आधी फिल्मवर छापून मग कापडावर चिकटवायची छपाई बरी. फिल्मवर रंग, त्यावर पांढरा थर, वरनं गोंदाची पावडर, ती आधी वितळवून घ्यायची आणि मग 150-160 डिग्रीला 10-15 सेकंद प्रेस. सीझनच्या घाईत पावडर कच्ची राहिली किंवा गार झाल्यावर काढायची फिल्म गरम असतानाच ओढली की कडा सुटल्याच म्हणून समजा.

सगळ्यात वाईट वाटतं ते फुटबॉलच्या पोरांचं. लाल किंवा मरून पॉलिस्टर जर्सीवर पांढरा नंबर लावतात, दुकानात एकदम झकास दिसतो आणि थोड्या दिवसांत गुलाबी पडतो. जर्सीचा स्वतःचाच रंग उष्णतेनं सुटून वर पांढऱ्यात चढतो म्हणून असं होतं. कमी तापमानाला चिकटणारं किंवा मधे रंग अडवणारा थर असलेलं मटेरियल मिळतं, थोडं महाग पडतं, पण ते विचारायचं असतं हेच पोरांना माहीत नसतं. तालमीची, म्हणजे आपल्या पेठेतल्या फुटबॉल संघाची जर्सी घालून शाहू स्टेडियमवर उतरायचं म्हणजे कोल्हापुरात काय असतं ते मी वेगळं सांगायला नको, त्या पोराच्या पाठीवरचा नंबर सीझनभर तरी पांढरा राहिला पाहिजे की नाही?

म्हणून माझ्या धंद्यातल्या सगळ्यांना हात जोडून विनंती आहे, बिलावर कापड कुठलं, छपाई कुठली आणि धुवायचं कसं एवढं लिहून द्या. डीटीएफ असेल तर पहिला दिवस धुवायचं नाही, मग उलटं करून गार पाण्यात, आणि प्रिंटवर थेट इस्त्री नको. मंडळांनीही नुसता रेट विचारू नका. कॉटन म्हणून पॉलिस्टर गळ्यात मारतायत असं वाटलं तर शिवणीतला एक धागा काढून न बघता अंगाच्या कापडातलाच धागा काढून जाळून बघा, शिवणीचा दोरा बऱ्याचदा पॉलिस्टरच असतो. कॉटन कागदासारखं जळून राख होते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. आणि सगळी ऑर्डर सोडायच्या आधी एक टी-शर्ट छापून घ्या, घरी दोन-तीनदा धुवा, मगच बाकीचे पैसे द्या.

आपला,
एक छपाईवाला वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर