चेकॉव्ह नव्हे, चेखफ

संपादक, स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत परकीय भाषा शिकण्यावरचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. लेख चांगलाच होता, पण रशियनचं दोन ओळीत उरकलंय, की भाषा अवघड आहे, आधी ॲपवर शब्द पाठ करा, इंग्रजी पुस्तकातून व्याकरण पक्कं करा आणि क्लासिक वगैरे तीन-चार वर्षांनी बघा. माझं नेमकं उलट झालं.

मी बदलापूर ते दादर रोज अपडाउन करते, अकाउंट्समध्ये आहे. लहानपणी घरात प्रगती प्रकाशन, मॉस्कोची मराठी पुस्तकं होती, त्यामुळे कधीतरी हे मूळ भाषेत वाचायचं हे डोक्यात होतंच. पहिलं वर्ष ॲपवर घालवलं, हिरवी टिक आली की खूश व्हायचं आणि मुलगा सफरचंद खातो इतपत यायला लागलं. मग एका बाईंकडे ऑनलाइन क्लास लावला आणि दुसऱ्याच तासाला त्यांना मोठ्या ऐटीत सांगितलं की मला पत्रं लिहायला फार आवडतं. बाई गप्प. मग हसू दाबत म्हणाल्या, लिहिणं म्हणजे 'पिसात्', जोर शेवटी, तुम्ही म्हणालात 'पीसत्', म्हणजे शू करणं. छापलेली अक्षरं दोन्हीची सेम टू सेम!

तर खरी मेख इथे आहे. रशियनमध्ये शब्दात जोर कुठे द्यायचा हे पानावर दिसतच नाही, लहान मुलांच्या नाहीतर शिकणाऱ्यांच्या पुस्तकात किंवा शब्दकोशात खूण असते, बाकी सहसा नाही, आणि जोर बदलला की कधीकधी शब्दच बदलतो, 'ज़ामक' म्हणजे किल्ला नि 'ज़मोक' म्हणजे कुलूप. शिवाय जोर नसलेला ओ बोलताना ओ राहतच नाही, लिहितात मोलोको आणि म्हणतात मलको. 'आज' या अर्थाच्या त्यांच्या शब्दात लिहितात ग, उच्चारतात व. रशियन कथालेखकाला आपण आयुष्यभर चेकॉव्ह चेकॉव्ह करतो ते इंग्रजीतून आलेलं, तिकडे तो चेखफ असतो आणि दोस्तोयेव्हस्की असतो दस्तयेफ्स्की. हे डोळ्यांनी कसं कळणार? कानानेच कळणार.

म्हणून मी ऑडिओबुकं धरली. सुरुवात अर्थात मूर्खासारखी टॉलस्टॉयच्या 'वॉर अँड पीस'ने केली, वाचणारा सुरुवातीलाच फ्रेंच बोलायला लागला, मला वाटलं फाइल चुकली. फाइल बरोबर होती, कादंबरीचं पहिलं वाक्यच फ्रेंचमध्ये आहे. मग गुपचूप चेखफच्या 'वान्का' या गोष्टीवर आले. चेखफ १९०४ साली गेला, त्यामुळे कॉपीराइटची भानगड नाही, मजकूर आणि वाचन दोन्ही नेटवर फुकट. गोष्ट दहा-पंधरा मिनिटांची, बदलापूरला लावली की ठाण्यापर्यंत तीनदा तरी ऐकून व्हायची. एक महिना हीच एक गोष्ट. रविवारी प्रिंटआउट घेऊन बसायचं, स्पीड कमी करायचा आणि जिथे जोर ऐकू येईल त्या अक्षरावर पेन्सिलने बारीक रेघ मारायची, बस्स.

आता कोणी म्हणेल क्लासिक नवशिक्याला झेपतं का. अहो ही गोष्ट १८८६ च्या नाताळात पीटर्सबर्गच्या रोजच्या पेपरातच छापून आली होती, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या पेपर वाचणाऱ्यांसाठीच होती ना. त्यात नऊ वर्षांचा वान्का, मॉस्कोत बूट शिवणाऱ्याकडे कामाला ठेवलेला, रात्री चोरून आजोबांना पत्र लिहितो. मालकिणीने मासा साफ करायला सांगितला, याने शेपटीकडून सुरुवात केली, तर तिने तोच मासा उचलून त्याच्या तोंडाने ह्याच्या तोंडावर टोचलं. असं वाक्य एकदा कानात गेलं की मासा, शेपूट, तोंड हे शब्द वेगळे पाठ करावे लागत नाहीत. तोटाही सांगते, वान्का खेडवळ बोलतो, त्याचं 'फ्चिरास्' म्हणजे काल, ते मी क्लासमध्ये वापरलं आणि बाई पुन्हा हसल्या.

आणि व्याकरणाचा तो बागुलबुवा! सहा विभक्त्या ऐकून इंग्रजी पुस्तकवाल्यांना घाम फुटतो, आपण शाळेत प्रथमा ते संबोधन घोकून आलोय. लिंगं तीन, तो-ती-ते. मी म्हणालो, मी म्हणाले हा फरक त्यांच्याकडेही आहे, गवरील आणि गवरीला, इंग्रजी पुस्तकाने यावर चार पानं खर्च केली होती आणि मला कळेना की यात समजावण्यासारखं काय आहे. मला आवडतं, मला थंडी वाजते, हे 'मला' त्यांचंही तसंच, 'म्न्ये'. आपण झार म्हणतो त्या त्यांच्या 'त्सार'मधला पहिला उच्चार आपल्या चाकातल्या च-चा, त्यांच्या चहातला च आपल्या चहातला. क्रियापदांच्या जोड्या मात्र छळतात, काम चालू की पुरं झालं यासाठी वेगवेगळी क्रियापदं, तिथे मराठी फारशी कामाला येत नाही, मी अजून चुकते. पण पुढच्या वेळी पुरवणीत हा विषय आला तर मराठी माणसाला मराठीतूनच रशियन शिकवेल असं कोणीतरी लिहितं करा, ही विनंती.

वान्का शेवटी पाकिटावर पत्ता लिहितो, 'ना दिरेव्न्यू द्येदुश्क्ये'. गावाला, आजोबांना. इतकंच, आणि मग आजोबांचं नाव. महिन्याभराने एका संध्याकाळी परतीच्या गाडीत कागदाशिवाय ते वाक्य एकदम कळलं, ती 'ला' आणि 'ना' दोन्ही ऐकू आली आणि डोळ्यात पाणीच आलं. शेजारच्या बाईंनी विचारलं काय झालं हो, घरी सगळं ठीक ना. मी लेडीज डब्यात उभ्या-उभ्या त्यांना अख्खी गोष्ट सांगितली. कल्याण गेलं तरी ऐकत होत्या. म्हणाल्या, मग मिळालं का पत्र आजोबांना?

म्हटलं, मिळालं, पण त्याच्या स्वप्नात.

आपली एक वाचक,
बदलापूर