लेकरू शिबिराला पाठवताय? फॉर्मवर खरं लिहा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ईस्टर झाला की आमच्या अचलपूर-परतवाडा भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये उन्हाळी शिबिरांची घोषणा होते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाला उघडतात, म्हणून लेकरांना सुटी भरपूर. कधी गावातल्या आवारात, कधी वर मेळघाटात चिखलदऱ्याच्या डोंगरावर, अमरावती, यवतमाळ, वाशीम, बुलडाणा असं सगळीकडून लेकरं जमतात. गाणी, पवित्र शास्त्राचे पाठ, वचनांचं पाठांतर, नाटुकली, खेळ असा दिवस भरलेला असतो. मी आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. निवृत्त झाल्यापासून अशा शिबिरांत लेकरांच्या औषधपाण्याचं काम माझ्याकडे असतं. यंदाचे फॉर्म वाटले जात आहेत, म्हणून आईबापांशी चार गोष्टी आपल्या पत्रातून बोलायच्या आहेत.

नोंदणीच्या फॉर्मवर खाली एक रकाना असतो : काही आजार, चालू औषधं, कशाची ॲलर्जी. माझ्या हाती जो गठ्ठा येतो त्यात बहुतेकांनी तिथे ‘निरंक’ लिहिलेलं असतं, नाहीतर आडवी रेघ ओढलेली असते. त्याच घरून आलेल्या पिशवीत मात्र लाडू, चिवडा, नवा टॉवेल, नवा साबण सगळं आठवणीनं भरलेलं. आईबापांचं लक्ष नसतं असं नाही. पण आजार लिहिला तर लेकराला घेणार नाहीत, किंवा चारचौघांत कळेल, ही भीती मोठी असते.

एका शिबिरात रात्रीच्या जेवणानंतर एक मुलगी गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. असेल तेरा-चौदा वर्षांची. मैत्रिणींनी पायाला बाम चोळून दिला होता. दिवसभर खेळली, पाय दुखत असतील, असंच सगळ्यांना वाटलं. मी टॉर्च लावून डोळे पाहिले तर पिवळसर. फॉर्मवर ‘निरंक’. बाकीच्या मुलींना प्रार्थनेला पाठवलं आणि जवळ बसून विचारलं, “बेटा, दवाखान्याचं काही कार्ड आहे का तुझं?” ती म्हणाली, “आहे मावशी, पण आईनं कोणाला सांगू नको म्हटलं.” सिकलसेल होता, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. सकाळी टाकीच्या गार पाण्यानं आंघोळ केलेली, दिवसभर पाणी नावापुरतं प्यायलेली, आणि रोजच्या गोळ्या घरीच राहिलेल्या. त्याच रात्री गाडी काढून तिला दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं, दुखण्याचं औषध मिळालं आणि पोर बरी झाली. पण तिनं ‘आहे’ म्हटलं नसतं तर सकाळपर्यंत आम्ही बामच चोळत बसलो असतो.

त्या आईला मी दोष देत नाही. मुलीला सिकलसेल आहे असं नात्यात कळलं तर पुढे लग्न जुळायला अडचण येते, हे मी उपकेंद्रात असताना घरोघरी पाहिलं आहे. तरीही हात जोडून सांगते, हा आजार शिबिराच्या माणसांपासून लपवू नका. आपल्या विदर्भात, आदिवासी गावांत आणि इतरही समाजांत, सिकलसेल बराच आहे. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ पासून त्याच्या उच्चाटनाची राष्ट्रीय मोहीमच सुरू केली आहे आणि ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी त्यात होते. आपल्या लेकराची झाली नसेल तर आशाताईला विचारून शिबिराआधी करून घ्या. जो नुसता वाहक आहे, म्हणजे ज्याला दोष एकाच पालकाकडून आला आहे, त्याला सहसा त्रास होत नाही. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्याला थंडी, पाणी कमी पडणं, फार दमणूक आणि ताप या चारही गोष्टींनी कळा सुरू होऊ शकतात, आणि शिबिरात या चारही एकदम जमतात. असं लेकरू शिबिराला येऊ शकतं, माझ्यासोबत येतंही. त्याच्या डॉक्टरांना आधी विचारायचं, फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सियुरियासारख्या चालू गोळ्या सोबत द्यायच्या, कार्डाची झेरॉक्स द्यायची. आंघोळीला कोमट पाणी, हाताशी पाण्याची बाटली, आणि ताप आला तर वाट न पाहता दवाखाना, एवढं आम्ही सांभाळतो. सांभाळायचं आहे हे आम्हाला कळलं पाहिजे.

ज्यांनी आधीच ‘निरंक’ लिहून फॉर्म दिला असेल त्यांनी आजच आपल्या चर्चच्या पाळकांना फोन करून दुरुस्त करावा. आणि शिबिर भरवणाऱ्यांनाही माझी विनंती आहे, की हे फॉर्म एकाच जबाबदार माणसाकडे बंद फाईलमध्ये राहू द्या. स्वयंपाकघराच्या टेबलावर पडलेले आणि येणारा-जाणारा चाळतो आहे असे फॉर्म मी पाहिले आहेत. मग लोक लिहीत नाहीत यात नवल काय?

मिरगीचंही तसंच. शिबिरात जागरण होतं, आणि झोप मोडली की झटका येण्याचा धोका वाढतो. एक दिवससुद्धा गोळी चुकवायची नाही. दम्याचा पंप लेकराच्या स्वतःच्या खिशात हवा, मोठ्या पिशवीच्या तळाशी नको. गोळ्या पाकिटासकट आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट द्या. पन्नीत सुट्या बांधून दिलेल्या पांढऱ्या गोळ्या कशाच्या हे मला ओळखता येत नाही, आणि न ओळखलेली गोळी मी कुणाच्या लेकराला देत नाही. फॉर्मवर वजन जरूर लिहा. लहान मुलांच्या तापाच्या औषधाचा डोस वजनावर ठरतो.

आठ-नऊ वर्षांचं लेकरू अजून अंथरूण ओलं करत असेल तर लाजू नका, मला किंवा तिथल्या ताईला बाजूला घेऊन सांगा. आम्ही त्याची गादी भिंतीकडे लावतो, खाली प्लास्टिक घालतो, रात्री उठवतो, आणि सकाळी बाकीची उठायच्या आत चादर बदललेली असते. न सांगता पाठवलं तर तेच लेकरू आठवडाभर सगळ्यांच्या तोंडी होतं आणि पुन्हा कधी यायचं नाव घेत नाही. दहा वर्षांच्या पुढच्या मुलीच्या पिशवीत पॅडचं पाकीट असू द्या, तिची पाळी अजून सुरू झालेली नसली तरी. आणि ते काय आहे, कसं वापरायचं, हे तिला घरी सांगून पाठवा. पहिली पाळी शिबिरात आली आणि आपल्याला काहीतरी भयंकर झालं म्हणून रडत बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

आता प्रवास. मेच्या शेवटच्या आठवड्यात नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, तेव्हा दुपारच्या एसटीनं लेकरं पाठवू नका. पहाटेची गाडी धरा. डोक्याला दुपट्टा, सोबत घरचं पाणी. ओआरएसचं मोठं पाकीट एका लिटर पाण्याचं असतं, ते पूर्ण लिटरभर पाण्यातच घोळायचं. अंदाजानं अर्धं पाकीट पेल्यात टाकणं चुकीचं आहे. परतवाड्याहून वर चढताना घाटात लेकरं ओकतात, म्हणून निघताना तर्रीपोह्यांनी पोट भरून देऊ नका, थोडे मुरमुरे-फुटाणे बरे. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या लेकरांना अर्धं तिकीट आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांना आणि मुलींनाही अर्धं आहे, तेव्हा वयाचा पुरावा म्हणून आधारची झेरॉक्स जवळ असावी. चर्चच्या मंडळीनं खासगी गाडी केली असेल तर किती लेकरं बसवणार हे निघायच्या आदल्या दिवशी विचारा. गाडीत कोंबून नेत असतील तर लेकरू उतरवून घरी आणा, पैसे गेले तरी चालतील.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरच्या वर आहे. खाली आपल्याकडे रात्री कूलरशिवाय झोप नाही, तिथे पहाटे वारा सुटला की अंगावर काहीतरी लागतं. पातळ स्वेटर आणि एक चादर पुरते, जाड गोदडी नको. उन्हाळ्यात तिथे पाण्याची टंचाई असते म्हणून धुवायला लागणारे कपडे कमी द्या. बंद बूट हवेत आणि रोज सकाळी ते झटकून घालायची सवय घरूनच लावा. विंचू चावला तर मंत्र-उतारा नको, थेट दवाखाना. प्राझोसिन या औषधानं विंचवाचे बळी वाचतात हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून कित्येक वर्षं झाली, तरी गावात अजून कांदा चोळतात. साप चावला तर दोरी आवळून बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, पाय हलू न देता न्यायचं. तिथे ग्रामीण रुग्णालय आहे आणि १०८ ची गाडीही बोलावता येते, पण डोंगरात मोबाइलला रेंज कधी असते कधी नसते, म्हणून शिबिराच्या जागी चोवीस तास एक गाडी उभी असणार आहे का, हे विचाराच.

आणखी एक गोष्ट मला फार खटकते. बऱ्याच शिबिरांत सकाळी मननाची वेळ असते. लेकरांना सांगतात, एकेकटे झाडाखाली जाऊन बसा, वाचा, प्रार्थना करा. गावातल्या आवारात हे छान आहे. मेळघाटात मात्र आवाराच्या पलीकडे व्याघ्रप्रकल्पाचं रान आहे, अस्वलं आहेत. तिथे उजाडता उजाडता लेकरू एकटं कुंपणाबाहेर जाता कामा नये. देव व्हरांड्यात बसूनही ऐकतो.

आता जे बोलायचं ते आमच्याच लोकांना. देवाचं काम करणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायचा नाही, असं आपल्यात पडून गेलं आहे. विचारलं तर विश्वास कमी आहे असं म्हणतात. मी पाळकांचा मान ठेवते आणि तरीही विचारते, प्रत्येक आईबापानं विचारावं. मुली कुठे झोपणार, त्यांच्यासोबत रात्री कोणती बाई असणार, न्हाणीघराला आतून कडी आहे का, बाहेरून येणारे पाहुणे कोण, त्यांना कोण ओळखतं? कुणीही मोठा माणूस एका लेकरासोबत बंद खोलीत एकटा बसणार नाही, प्रार्थनेसाठीसुद्धा नाही, असा नियम आहे का? लेकरालाही स्पष्ट सांगा, की नको तिथे कुणी हात लावला तर तो दादा असो, सर असोत की पाळक असोत, लगेच सांगायचं, आम्ही रागावणार नाही. लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानं असा प्रकार कळल्यावर पोलिसांना न कळवणं हासुद्धा गुन्हा आहे. मंडळीचं नाव खराब होईल म्हणून आपापसात मिटवता येत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर लेकराला पाठ करून द्या. जे शिबिर नीट चालतं तिथे या प्रश्नांचा कुणाला राग येत नाही.

शेजारपाजारची, ख्रिस्ती नसलेली लेकरंही मित्रांसोबत शिबिराला येतात. आनंदानं यावीत. पण तिथे प्रार्थना होते, येशूबद्दल शिकवतात, हे त्यांच्या आईबापांना आधी तोंडी सांगून, लेखी संमती घेऊनच न्यावं. नुसतं ‘खेळाचं शिबिर’ म्हणून कुणाचं लेकरू नेणं मला पटत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय लेकराला धर्मशिक्षणाला बसायला लावता येत नाही असं आपल्या संविधानाचं २८ वं कलम सांगतं, मग आपण तर त्याहून काटेकोर असायला हवं. लेकरांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचे की नाही, हेही त्याच कागदावर विचारून घ्यावं.

सहा-सात वर्षांच्या लेकराला मुक्कामी पाठवूच नका असं माझं मत आहे. गावातल्या चर्चमध्ये सुटीतली बायबल शाळा भरते, सकाळी जाऊन दुपारच्या आत घरी. या वयाला ती पुरेशी आहे. मोठ्यांना पाठवाल तर निघताना “रडू आलं तर फोन कर, लगेच न्यायला येतो” असं म्हणू नका. मग ते लेकरू पहिल्या रात्रीपासून फोनचीच वाट पाहतं. घरची आठवण येणारच, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कमी होते, असं सांगा. फोनची एक वेळ शिबिराशी ठरवून घ्या आणि इतर वेळी करू नका.

परत आल्यावर पहिले काही दिवस सांभाळा. आठवडाभर गारव्यात राहून आलेलं लेकरू दुसऱ्या दिवशी भर दुपारी क्रिकेटला गेलं तर त्याला ऊन लागतं, तेव्हा खेळ सकाळ-संध्याकाळच. मेळघाटात हिवतापही असतो. पंधरा-वीस दिवसांत थंडी वाजून ताप आला तर नुसती तापाची गोळी देऊन थांबू नका, लेकरू कुठे जाऊन आलं ते डॉक्टरांना सांगा आणि रक्ताची तपासणी करून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती फुकट होते.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. अचलपूर, जि. अमरावती
(लेकरांची ओळख उघड होऊ नये म्हणून माझं नाव छापू नये, ही विनंती.)