ऑपरेशननंतरच्या दिवसांसाठी मदतीचं आवाहन

खानापूर तालुक्यातल्या आपल्या गावचे सर्व ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि गोवा, पुणे, मुंबईला कामाला असलेले बंधू, सर्वांना मंडळाचा सप्रेम नमस्कार.

आपल्या गावात कुणाचं ऑपरेशन ठरलं की मदतीसाठी दोनदा सांगावं लागत नाही. पोरं रक्त द्यायला बेळगावला धावतात, भावकी पैसे उभे करते. माणूस घरी आला की आपण नारळ, बिस्किटपुडा घेऊन भेटायला जातो आणि "आता पडून आराम कर" असं सांगून परततो. त्या पडून राहण्यानंच किती नुकसान होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आपल्यातला एक गवंडी फणस काढताना झाडावरून पडला. मणक्याचं ऑपरेशन वेळेत झालं. पुढे काही आठवडे पुनर्वसन केंद्रात दाखल राहायला सांगितलं होतं, पण तोवर घरातले पैसे संपले होते. त्याला घरी आणून सोप्यात पलंग टाकला. कमरेखाली त्याला काही जाणवत नव्हतं, त्यामुळे टोचतंय, अवघडलंय असं तो कधी म्हणालाच नाही. अशा माणसाची कूस दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, बदलायची असते. त्याच्या आईला हे कुणी नीट दाखवलंच नव्हतं. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला, तेव्हा उबारा असेल म्हणून तिनं पावडर लावली. महिन्याभरात तिथं मूठ बसेल एवढी जखम झाली, आणि ती भरेपर्यंत बसण्याचा व्यायामही थांबला.

नंतर सगळ्यांनी मिळून त्याला केंद्रात ठेवलं. आज तो गुळगुळीत फळीवरून सरकत, कुणाचा हात न धरता, पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसतो. हे चार महिने आधी झालं असतं, ही सल आम्हा सर्वांच्या मनात आहे.

अशा केंद्रात रोज तासन्‌तास व्यायाम करून घेतात. लघवीची नळी कशी सांभाळायची, आंघोळ कशी घालायची, हे घरच्यांनाही शिकवतात. अर्धांगवायू झालेल्याला लुळ्या पडलेल्या हाताला धरून उठवलं तर खांदा निखळू शकतो; गिळणं तपासल्याशिवाय आडवं असताना पाणी पाजलं तर ते फुफ्फुसात जाऊ शकतं. मायेपोटी आपण नेमकं हेच करत आलो. अर्धांगवायूनंतर सुधारणा सर्वात वेगानं होते ती पहिल्या तीन महिन्यांत. पुढेही होते, पण हे दिवस हातचे घालवू नयेत.

सरकारी आरोग्य योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचाराचा आधार आहे, तो जरूर घ्यावा. पण सोबत राहणाऱ्या बायकोचं जेवण, तिची बुडालेली मजुरी, गाडीभाडं यासाठी कुठलं कार्ड चालत नाही. खरी माघार इथेच घेतली जाते. या खर्चासाठी मंडळानं वेगळा निधी सुरू केला आहे. दर घरामागे 100 रुपये द्यावेत, ही विनंती. ज्यांना जमेल त्यांनी जास्त द्यावेत, ज्यांना जमणार नाही त्यांनी संकोच करू नये. सुगीनंतर भात दिलंत तरी चालेल.

पैशांइतकीच माणसांचीही गरज आहे. लकव्यात वाचा गेलेल्याला शब्द पुन्हा शिकवताना त्याची घरची भाषा लागते. आपल्या एका काकूंना कन्नडमधले तक्ते दाखवले, तेव्हा त्या नुसत्या बघत राहिल्या. सुनेनं "चूल", "तांब्या", "विळी" म्हणत एकेक वस्तू पुढे धरली, तेव्हा ओठ हलले. मराठी शाळेतल्या निवृत्त गुरुजींनी आणि बाईंनी आठवड्यातून एक दुपार अशा रुग्णांजवळ बसावं. कन्नड चांगलं लिहिता येणाऱ्या मुलांनी घरच्यांना अर्ज भरून द्यावेत. कुणाच्या माळ्यावर वॉकर, कमोडची खुर्ची, वॉटर बेड पडून असेल तर तोही द्यावा; आम्ही धुऊन, दुरुस्त करून गरजेच्या घरी पोहोचवू.

मारुती मंदिराशेजारी मंडळाच्या खोलीत रोज संध्याकाळी 7 नंतर मदत स्वीकारली जाईल. पावती लगेच मिळेल आणि महिन्याचा हिशोब मंदिरातल्या फळ्यावर लिहिला जाईल.

वरच्या गल्लीतल्या एका दादांना अर्धांगवायू होऊन अजून महिना झालेला नाही. त्यांना येत्या सोमवारी दाखल करायचं आहे. रविवार संध्याकाळपर्यंत जे जमेल ते घेऊन यावं.