टोपी धरणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर, बरेटर धरणापाशी, त्या रविवारी तुम्ही माझ्या आईसाठी जे केलंत, ते अजून मनातून जात नाही. तुमचं नाव मला ठाऊक नाही, म्हणून हे उघडं पत्र. माझी मुलगी याचं इंग्रजी करून देणार आहे. जीपीएसवर बघून लपवलेले डबे शोधायचा तुमचा तो खेळ, जिओकॅशिंग, तो खेळणाऱ्या कुणाच्या ओळखीने ते तुमच्यापर्यंत पोचावं.

आम्ही प्लिमथला राहतो, आई साताऱ्याहून आली आहे. त्या दिवशी आम्ही एका ग्रुपबरोबर आलो होतो. सगळी आपलीच मराठी माणसं. पण गाडीतून उतरल्या उतरल्या, "मावशींना झेपणार नाही, त्यांना गाडीतच बसू दे," म्हणाले आणि निघून गेले. आईचे गुडघे दुखतात हे खरं. पण तिच्यादेखत, तिला न विचारता ठरवायचं? ती एक शब्द बोलली नाही, नुसती शाल सावरत बसली. कुणाचं नाव घेत नाही, पण चीड अजून गेलेली नाही.

आणि मग तुम्ही आलात. हातात जीपीएस, मागे दमलेली म्हातारी कुत्री. तुम्ही मला नाही, आईकडे बघून विचारलंत, "डबा शोधायला येता का?" मी तिला मराठीत सांगेपर्यंत थांबलात. ती उठलीच!

तुम्ही तिच्या चालीने चाललात. ती टेकली की तुम्हीही टेकायचात, जणू तुम्हालाच दम लागला होता. 1898 साली पुऱ्या झालेल्या त्या ग्रॅनाइटच्या धरणातून प्लिमथला पाणी जातं, हे तुम्ही सांगितलंत. 1854 मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅन्मियर पूलपाशी बाटली ठेवली, तिथवर पोचणाऱ्याने आपलं कार्ड तिच्यात टाकायचं, हेही. जीपीएसवरचा हा खेळ सुरू झाला 2000 साली, पण डार्टमूरवर असलं लपवणं-शोधणं त्याआधीपासून चालू आहे, हे सांगताना तुमचा चेहरा कसा फुलला होता! काठावर लॉंगस्टोन मॅनर या जुन्या वाड्याचे पडके अवशेष आहेत म्हटल्यावर आईने लगेच विचारलं, "मग तिथली माणसं कुठे गेली?" तिचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली आहे, काका. शिवसागर भरला तेव्हा ती एवढीशी होती.

डबा गडग्याच्या फटीत होता. तुम्हाला तो आधीच दिसला असणार, पण तुम्ही कुत्रीच्या पट्ट्याशी खटपट करत बसलात आणि शेवाळात हात घालू दिलात तो आईला. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत, शोधणाऱ्याने नाव लिहायची छोटी वही आणि बोटभर पेन्सिल. नेमका तेव्हाच पाऊस वाढला. भिजल्या कागदावर पेन्सिल उमटत नाही. मी म्हटलं, आई, मी पटकन लिहिते. तुम्ही मान हलवलीत, डोक्यावरची टोपी काढलीत आणि वहीवर छत्रीसारखी धरलीत.

आईची बोटं आखडतात, लिहायला वेळ लागतो. तिने स्वतःचं नाव लिहिलं, मग वडिलांचं, मग माहेरचं आडनाव. खाली गावाचं नाव, जे आता नकाशावर नाही. तेवढा वेळ तुमच्या पांढऱ्या केसांवरून पाणी कानामागे ओघळत होतं. तुम्ही ते पुसलंही नाहीत, कारण टोपी हलली असती. लिहून झाल्यावर गावाच्या नावावर बोट ठेवून ते म्हणायला शिकवा म्हणालात, आणि नीट जमेपर्यंत म्हणत राहिलात.

आम्हाला गाडीपर्यंत सोडलंत, पुन्हा भिजत गेलात. ते सगळं आहेच. पण काका, मला आठवते ती टोपी. ज्यांना आम्ही सणावाराला घरी जेवू घालतो, त्यांना आईसाठी पाच मिनिटं नव्हती. तुम्ही ओळखीचे ना पाळखीचे, तिला घाई करू दिली नाहीत. माणुसकी असलेली माणसं बहुतेक अशीच असतात. उपकार केल्याचा आव नाही, मदत करतोय हे समोरच्याला जाणवूही देत नाहीत.

घरी आल्यापासून आई फोनवर प्रत्येकाला सांगते, "माझं माहेर मी तिकडे वहीत लिहून आले." बाबा गेल्यापासून तिचा असा आवाज ऐकला नव्हता.

तिचा निरोप आहे: कधी साताऱ्याला आलात तर आमच्याकडेच उतरायचं. बामणोलीहून होडीने शिवसागरात जाऊ, गाव कुठे होतं ते ती स्वतः दाखवेल. कुत्रीलाही आणा म्हणते.

तुमची ऋणी,
शालवाल्या आजींची मुलगी